कव्हरवरची काळी चार

लवू परबांनी आयुष्यात दोन गोष्टी जिवापाड सांभाळल्या. गिरणीतले साचे, म्हणजे माग, आणि गिरणी बंद पडल्यावरही सुटली नाही ती नाटक मंडळाची ऑर्गनची खुर्ची. तिसरी गोष्ट म्हणजे एक खोटं. तेही त्यांनी अडतीस वर्षं सांभाळलं, आणि खरं सांगायचं तर साच्यांपेक्षा जास्त घाम त्यानेच काढला.

त्या खोट्याची सुरुवात चांगुलपणातून झाली, आणि चांगुलपणातून सुरू झालेलं खोटं फार चिवट असतं. सत्त्याऐंशी साली कामगारांच्या नाट्यस्पर्धेत मंडळाचं संगीत नाटक होतं. मालन नायिका होती, नुकतीच लग्न होऊन लवूंच्या घरात आलेली. दिग्दर्शकाचा हट्ट होता की नायिकेने काळी चारमध्येच गायचं. पेटीतल्या चौथ्या काळ्या सुराला सा धरला की पद खुलतं, असं त्याचं म्हणणं. तालमीत मालनचा आवाज वर जाताना ताणायचा. प्रयोगाच्या दिवशी तर तिचा घसा बसलेला. लवूंनी पडदा उघडण्याआधी तबलजी रतनच्या कानात सांगितलं आणि पट्टी खाली, काळी तीनवर आणली. तबला उतरला, ऑर्गन उतरला. मालनला कळलंही नाही. दुसऱ्या अंकातल्या विरहाच्या पदाला दोन वेळा वन्समोअर मिळाला.

घरी आल्यावर तिने प्रयोगात रेकॉर्ड केलेल्या त्या पदाच्या कॅसेटच्या कव्हरवर झोकात लिहिलं: पट्टी काळी चार. लवूंनी ते पाहिलं आणि म्हटलं, राहू दे. पुढे चार वर्षं तिच्या प्रत्येक प्रयोगाला ते गुपचूप काळी तीनच धरत राहिले.

एक्याण्णव साली वडील गेले म्हणून लवू गावाला होते. ऑर्गनला दुसरा माणूस बसला. मालनने ऐटीत सांगितलं, माझी काळी चार. वरच्या सुरावर आवाज फाटला, मागच्या रांगेतून कुणीतरी हसलं. लवू गावाहून परत आले तेव्हा तिने नायिकेचा शालू नेसून काढलेला फोटोही भिंतीवरून उतरवला होता. "आवाज गेलो माझो," एवढंच म्हणाली, आणि पुन्हा गायली नाही. त्या दिवशी बोलायला हवं होतं. लवू बोलले नाहीत. उद्या सांगू म्हणाले, आणि उद्याचं काय होतं ते आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. रतन वारल्यावर तर हे जाणणारा दुसरा कुणी उरलाच नाही.

या वर्षी अंधेरीच्या एका स्टुडिओने हौशी मंडळांची जुनी रेकॉर्डिंग जमवायला घेतली. तिथे काम करणारी अबोली घाटकोपरला त्यांच्या घरी येऊन कॅसेट घेऊन गेली. आठवड्याने तिने पद मोबाईलवर पाठवलं. मालनने ते पहिल्या आलापापर्यंत ऐकलं आणि फोन पालथा ठेवला.

"ह्यो माझो आवाज न्हय."

"जुनी टेप गो, म्हणान तसा वाटता," लवू म्हणाले. पण पालथ्या फोनमधून पद धावत होतं. विरहिणी बस चुकल्यासारखी घाईत होती आणि आवाज चिरका, पोरकट.

मालन दोन दिवस नीट जेवली नाही. "मी अशी गायत होतंय? आणि लोक वन्समोअर देयत? म्हणजे हसत होते माका." तिसऱ्या दिवशी तिने पायात चपला सरकवल्या. त्या पोरीला सांगून ते पुसून टाकायचं आणि कॅसेट परत आणून फेकायची, असं तिने ठरवलं होतं. लवू मागोमाग निघाले. अंधेरीपर्यंतच्या मेट्रोत ते एकच हिशेब करत होते. पुसलं गेलं तर खोटं कायमचं पुरलं जाणार होतं. आणि बायकोचा एकुलता एक आवाजही.

अबोलीने दोघांना खुर्च्या दिल्या. पडद्यावर तक्ता उघडा होता: लय, पट्टी, भाव. "पुसते मी काकू, तुमचंच आहे ते," ती म्हणाली. "पण यार, मलाही ते खटकलं होतं. जुन्या टेपचा वेग भरवशाचा नसतो ना, म्हणून आम्ही कव्हरवरची पट्टी बघतो आणि वेग तिला जुळवतो. कव्हरवर काळी चार आहे. वेग वाढला की सूरही चढतो, तिथपर्यंत न्यायला बराच वाढवावा लागला. भाव तर भरताच येईना, दुःख लिहू की घाई? काका, ऑर्गन तुमचा. पट्टी नक्की हीच होती?"

हो म्हटलं की संपलं. मालन पर्सचा बंद घट्ट धरून पडद्याकडे बघत होती, लाज वाटलेल्या शाळकरी मुलीसारखी. हे मात्र त्यांना बघवेना.

"काळी तीन," ते म्हणाले. मालनकडे न बघता पुन्हा म्हणाले, "काळी तीन होती. नेहमीच. मीच खाली घेई."

अबोली वेग उतरवू लागली. पद संथ झालं. श्वास जागेवर आले, शब्द जड झाले, आणि खोलीत सत्तावीस वर्षांची मालन गायला लागली. मालनने डोळे मिटले. पद संपेपर्यंत ती हलली नाही.

"म्हणजे माझो आवाज गेलोच नव्हतो," ती म्हणाली.

ती भांडली असती तर लवूंना सोसलं असतं. येताना मेट्रोत ती एक जागा सोडून बसली. घरी आल्यावर तिने माळ्याकडे बोट दाखवलं. लवूंनी स्टुलावर चढून पेटी काढली, धूळ पुसली आणि काळी तीन दाबली. पासष्ट वर्षांच्या मालनने सा लावला. वर जाताना तो थकला आणि तुटला. लवूंची मान वर होईना.

"खाली घेवा," मालन म्हणाली. "पण ह्या खेपेक माका सांगान घेवा."