पानाची मागची बाजू

मामी कुठलीही गोष्ट आधी उलटी करून बघायची. दुकानात साडी, बाजारात मेथीची जुडी आणि घरी कुंडीतल्या नेच्याचं प्रत्येक पान. "समोरून सारंच हिरवं दिसते, बापू," ती मला म्हणायची. "मांगून पाहाव."

मामा-मामींचं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं. निघण्याआधी तिनं मामांच्या कमरेला दोर बांधून त्यांना विहिरीत उतरवलं आणि आतल्या भिंतीवरचा नेचा मुळासकट काढून घेतला. लोक दारं-खिडक्या घेऊन निघाले होते. हिच्या मांडीवर ओल्या फडक्यात गुंडाळलेलं ते झुडूप होतं.

नव्या वसाहतीत सावलीला झाड नव्हतं. उत्तरेच्या भिंतीला तिनं जुन्या लुगड्यांचा मांडव घातला. कुजलेला पालापाचोळा, विटांचा चुरा आणि कोळसा कालवून कुंडी भरली. मे महिन्यात कुंडी घरात, कूलरसमोर यायची.

"मी इकडं उकडून राहिलो अन् हवा त्या झाडाले!" मामा कुरकुरायचे.

"तुमाले बोंबलता तरी येते," मामी म्हणायची. "त्याले येते का?"

एका दिवाळीत तिला उपचारासाठी नागपूरला न्यावं लागलं. मामा सोबत गेले. मी भंडाऱ्याला शाळेत शिकवतो. मला सुट्टी होती, म्हणून घर आणि नेचा माझ्यावर सोपवला. "पाणी मातीले देजो, पानाले नोको," ती म्हणाली. "अन् मांगून पाहात राहाजो."

मी पाहात राहिलो. आठवड्याभरानं पानांच्या मागे तपकिरी ठिपक्यांच्या रांगा दिसल्या. मला ती कीड वाटली. साबणाच्या पाण्यात फडकं बुडवून दोन दुपारी मी एकेक पान पुसलं. जी साफ होईनात, ती कापून टाकली. वेळेवर लक्ष गेलं, याचं समाधानही वाटलं.

मामी परतली ती थेट मांडवाखाली गेली. एक पान उलटून बराच वेळ धरून राहिली.

"कीड नव्हती गा ते. बीज होतं. इतक्या वर्सानं धरलं होतं. गावच्या लोकायले घरोघरी एकेक रोप देईन म्हणलं होतं."

"पुढच्या वर्षी धरेल, मामी."

"पुढच्या वर्साचं कोनाले मालूम?" मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "पाहिलं तं खरं तू. मीनंच सांगतलं होतं."

ती रागावली असती तर बरं झालं असतं.

माघात मामी गेली. मामांनी उन्हाळाभर कूलर चालू ठेवला, तरी नेचा वाळला. पुढे तिची पेटी आवरताना त्यांना वर्तमानपत्राची एक घडी सापडली. आत मागे ठिपके असलेलं एक वाळकं पान होतं, बहुधा भिंतीकडच्या बाजूचं, माझ्या हातून सुटलेलं. घडीत तपकिरी भुकटी सांडली होती. मामांनी ती घडी मला आणून दिली.

भिजवलेल्या विटेवर ती भुकटी पसरून मी वर काच ठेवली. काही आठवड्यांनी विटेवर हिरवा थर आला. मागच्या रविवारी मामा आले, काचेवर वाकले आणि हळूच म्हणाले, "हे तेच होय का गा?"

शेवाळ आहे की नेचा, मला सांगता आलं नाही. उलटून बघायला अजून पान आलेलं नाही.