बर्फाखालचं बदक

आई मिरजेच्या दवाखान्यात वारली तेव्हा मी अकरा वर्षांची होते आणि धाकटी बहीण सहा. बहिणीला आधीच मामाकडे वाईला पाठवलं होतं. दिवस-कार्य सगळं वडूजला उरकलं आणि मगच तिला घरी आणलं. वडील फौजेत होते. रजा संपवून निघताना त्यांनी मला बाजूला घेतलं. "बारकीला काय बोलू नगं. आई दवाखान्यात हाय, एवढंच सांग. थोडी कळती झाली की मी सांगीन."

आमच्याजवळ राहायला आत्या आली. तिनंही तेच धरलं. शेजारपाजारच्या बायकाही बहिणीसमोर जपून बोलायच्या. बहीण रोज काहीतरी सांगायची आणि ते मी आईला पत्रात लिहायचं. आठ-पंधरा दिवसांनी मी वहीच्या कागदावर आईचं उत्तर लिहून तिला वाचून दाखवायचे. तिला अजून वाचता येत नव्हतं. 'शहाण्यासारखी राहा, वेणी घालताना रडू नको,' असं आई लिहायची. मला ते लिहिणं जमू लागलं होतं, नव्हे, आवडू लागलं होतं. हे आज लिहितानाही जड जातं.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर गुरुजींनी शाळेत टीव्ही आणि व्हीसीआर आणवला. कॅसेटच्या डबीवर पिवळं बदकाचं पिल्लू होतं. गुरुजी म्हणाले, "लहान पोरांनी पुढं बसा. कार्टून हाय, हसून पोट दुखंल."

चित्रपट कुठल्या तरी परक्या भाषेतला होता. सुरुवातीला पोरं हसली. पिल्लं घसरत होती, एकमेकांवर आपटत होती. मग थंडी पडली, तळं गोठायला लागलं. एका पिल्लाला काठाकडे ढकलताना बदकीण पाण्यात अडकली आणि तिच्यावर बर्फ धरला. वरून ती दिसत होती. पंख पसरलेले, डोळे उघडे. पिल्लं रोज दाणे आणून तिच्यावरच्या बर्फावर ठेवायची. इतर पक्षी यायचे, पिल्लांशी गोड काहीतरी बोलायचे आणि निघून जायचे.

वर्गात कोणी हसेना. पुढची दोन पोरं रडायला लागली. गुरुजी उठून बटणं दाबत राहिले, पण त्यांना ते बंद करता येईना.

बहीण माझ्या मांडीला टेकून बसली होती. ती रडली नाही. पडद्याकडे बघतच म्हणाली, "ती मेलीया. समद्यांस्नी ठावं हाय. पिल्लास्नीच कुणी सांगंना."

मी म्हटलं, "गप बघ."

तिनं मान वळवली. "आक्का, आपली आय मिरजंत न्हाई ना?"

आजूबाजूच्या पोरी माझ्याकडे बघायला लागल्या. त्यातल्या मोठ्या पोरींना माहीत होतं. मला 'हाय' म्हणायचं होतं.

"मग पत्रं कोण लिवतंय?"

मी खाली बघितलं. ती उठली, पोरांच्या मधून वाट काढत बाहेर गेली आणि एकटीच घरी निघाली. मी मागून हाका मारत पळाले. तिनं वळून पाहिलं नाही. घरी आत्यानं तिला कवटाळायला हात पुढे केला, तर ती भिंतीला जाऊन चिकटली. आत्यानं मग सगळा राग गुरुजींवर काढला. "मेल्याला पोरांस्नी दाखवायला ह्योच शिनिमा घावला!"

त्या दिवसापासून बहीण माझ्याशी कामापुरतं बोलू लागली. दोन महिन्यांत ती जोडाक्षरंसुद्धा वाचायला शिकली. शाळेतून आलेली चिठ्ठी ती माझ्या हातातून घ्यायची आणि बोट ठेवून स्वतः वाचायची.

मे महिन्यात वडील रजेवर आले. ती त्यांच्याजवळ गेली नाही. ते तिच्यासमोर उकिडवे बसले आणि म्हणाले, "चुकलं माझं, पोरी. मला वाटलं, तुला सोसायचं न्हाई."

तिनं विचारलं, "आय गेली त्या दिवशी मी काय करत हुते?"

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं, मग आत्याकडे. वाईला होतीस, खेळत असशील, असं आत्या हळूच म्हणाली.

"काय खेळत हुते?"

पुढं कितीतरी वर्षं, वाईला गेली की ती मामीला हाच प्रश्न विचारायची. मामी प्रत्येक वेळी आठवायचा प्रयत्न करायची. एकदा म्हणाली, बोरं वेचत होतीस. नंतर म्हणाली, नाही, तो दिवस दुसरा असंल.