ओ पॉझिटिव्ह आणि फौजदार

दत्ताराम अण्णा माणसाचा चेहरा नंतर बघत, आधी हात बघत. अंबरनाथच्या बुवापाड्यात राहायला आलो त्या दिवशी मी टेम्पोतून कपाट उतरवत होतो, घामानं निथळत होतो, आणि एक उंच, किडकिडीत गृहस्थ लगबगीनं पुढे आले. मला वाटलं, कपाटाला हात लावतील. त्यांनी माझ्याच हाताला हात लावला. बाही वर सारली, कोपराच्या खोबणीत अंगठा दाबला आणि तृप्त होऊन म्हणाले, "वा! काय शीर आहे! कुठं लपवून ठेवली होतीस इतकी वर्षं?"

पुढच्याच रविवारी मी शाळेच्या हॉलमध्ये खाटेवर आडवा होतो आणि माझं रक्त नळीतून चाललं होतं.

कारखान्यातून निवृत्त झालेल्या अण्णांचं रक्तदान शिबिर हेच घर होतं. बायको लवकर गेली, एकुलती मुलगी शुभांगी याच शिबिरांमधून वाढली. पाच वर्षांची असताना ती दात्यांची रांग लावायची, रेटारेटी करणाऱ्याला मागे पाठवायची, म्हणून अण्णा तिला फौजदार म्हणत. कुणी सबबी सांगायला लागला की अण्णांचं ठरलेलं उत्तर असे, "नाही म्हणायचं तर खुशाल म्हण. पण झोपून म्हण." एकदा माणूस खाटेवर झोपला की नाही म्हणत नाही, हा त्यांचा तीस वर्षांचा अनुभव. आणि प्रत्येक शिबिराच्या भाषणाचा शेवट एकच, "बाटलीवर काय लिहितात? नाव नाही, गाव नाही, जात नाही. बाटलीवर फक्त गट लिहितात!" टाळ्या.

अण्णा गेले त्याला आता वर्ष होईल. त्यांचा विषय निघाला की लोक शिबिरांबद्दल बोलतात. माझ्या डोळ्यांसमोर मात्र ते उभे राहतात जपानी तलवारबाज म्हणून. हसू नका. म्हणजे हसा, मीही हसलो होतो. पण पुढचं ऐका.

एका संध्याकाळी अळूवडीची ताटली घेऊन त्यांच्याकडे गेलो. दार सताड उघडं, आणि अण्णा शुभांगीचा जुना टॅब मांडीवर घेऊन बसलेले. पडद्यावर दोन सामुराई. एक लाल कपड्यातला, हातात तलवार. दुसरा निळा, गवतात गुडघे टेकून बसलेला. लाल आला, त्यानं निळ्याला उभा कापला, आणि अण्णा शांतपणे म्हणाले, "बरी आहे."

"कोण बरी आहे?"

"शुभा. आज जोरात होती."

तेव्हा मला सगळं कळलं, थोडं थोडं करून. तीन वर्षांपूर्वी शुभांगीनं घरी सांगितलं होतं की उल्हासनगर कॅम्प एकमधल्या एका सिंधी मुलाशी तिला लग्न करायचंय. मुलाच्या घरचं लेस आणि बटणांचं दुकान, माणसं सज्जन. अण्णांचा चेहरा उतरलेला पाहून तिनं एवढंच विचारलं, "अण्णा, बाटलीवर फक्त गट लिहितात ना?" अण्णांनी पेपरची घडी घातली, आतल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. ओरडले नाहीत, रडले नाहीत, हो नाही की नाही नाही. दोन तास बसून राहिले. बाहेर आले तेव्हा घरात फक्त टॅब होता.

त्यानंतर त्यांनी फोन केले, तिनं उचलले नाहीत. मग कधीतरी टॅब चार्ज केला, तर त्यात ती खेळायची तो तलवारीचा गेम. उघडला, आणि खेळणाऱ्यांच्या यादीत नाव दिसलं, फौजदार. ती तिकडून अजून खेळत होती.

आता त्या गेमविषयी दोन शब्द बोलायलाच हवेत, कारण इतका सुमार गेम मी आयुष्यात पाहिला नाही. तलवारीचं बटण दाबलं की सामुराई आधी विचार करायचा आणि मग तलवार उगारायचा. पाय गवताच्या वर चार बोटं तरंगायचे. मेलेला माणूस डोळ्यांची उघडझाप करायचा. ओरडायचा आवाज एकच, भरलेला गॅस सिलिंडर उचलताना माणूस काढतो तसा. बोलायची, लिहायची काही सोय नाही. लवून नमस्कार करायचा, बसायचं, नाहीतर मारायचं. खेळायला कोण येणार? वर आकडा दिसायचा, या घटकेला खेळाडू किती. कधी नऊ, कधी सहा. कुणाशी गाठ पडायची ते गेमच ठरवायचा, आणि माणसंच नसल्यानं बापलेकीची गाठ जवळजवळ रोज पडायची. अण्णा संध्याकाळी सातला आले की खाली बसायचे. ती यायची, कापून जायची.

"तुम्ही लढत का नाही?"

"तिच्यावर तलवार उचलू?" अण्णा माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मीच ती उचलली होती.

"अहो, रिक्षा करा आणि जा. अर्ध्या तासाचं अंतर."

"गेलो आणि दार उघडलं नाही तर? प्रकाश, इथं मेलो तर पुन्हा उठता येतं."

मग माझी नजर त्यांच्या सामुराईच्या डोक्यावर गेली. तिथं खेळाडूचं नाव होतं, ओ पॉझिटिव्ह.

"हे नाव तुम्ही घेतलंत?"

"मग! खरं नाव दिलं असतं तर तिनं ओळखलं असतं."

मला हसू आवरेना. अख्ख्या अंबरनाथमध्ये स्वतःला ओ पॉझिटिव्ह म्हणवून घेईल असा एकच माणूस, आणि तो वेष बदलून बसला होता! हे त्यांना सांगितलं तेव्हा त्यांचा रंगच उडाला. "म्हणजे... ओळखून कापते मला?"

"रोज. सात वाजता."

त्यांनी हातातली वडी परत ताटलीत ठेवली. मी म्हटलं, "अण्णा, जिला बापाचं तोंड बघायचं नाही, ती रोज सात वाजता येईल कशाला?" त्या वाक्यानं मी फार मोठं काम केलं असं मला वाटलं. झालं उलटंच. आतापर्यंत अण्णा नुसते दुःखी होते, आता त्यांना आशा लागली. त्या माणसाला झोप येईना.

आणि नेमका त्याच आठवड्यात पडद्यावर इंग्रजी मजकूर झळकला. मी वाचून दाखवला. खेळाडू फार कमी आहेत, असंच राहिलं तर गेम बंद करावा लागेल.

अण्णा उठले. कपाटातून रक्तदात्यांची वही काढली.

त्यानंतरचे पंधरा दिवस बुवापाड्यानं जे पाहिलं ते कुठल्याही रंगमंचावर होणार नाही. अण्णा एकेकाचं मनगट धरून सांगत होते, "मी काय मागतोय? रक्त नाही मागत. रोज वीस मिनिटं फोनवर तलवार चालव." इस्त्रीवाला रामसजीवन घाबरून विचारी, "सुई तो नहीं है ना, अण्णा?" बदलापूरला राहणारे कारखान्यातले जुने सोबती फोनवर तयार झाले. पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या आमच्या शेजारीण सुलभाताई पहिल्याच दिवशी चौघांना कापून आल्या आणि म्हणाल्या, "अहो अण्णा, हा मेला तरी डोळे मिटत नाही. भानामती आहे की काय!" खेळून झालं की अण्णा प्रत्येकाला चहा आणि ग्लुकोजची बिस्किटं देत आणि पाच मिनिटं बसवून ठेवत, चक्कर येऊ नये म्हणून. सवयच तशी.

आकडा चढला. वीस, चाळीस, मग अडुसष्ट! मी तर घरातल्या घरात भगवं उपरणं बांधून खेळायला लागलो होतो.

आणि फौजदार दिसेनाशी झाली.

तीन दिवस, चार दिवस, आठ दिवस. अण्णा सातला बसत, समोर येई रामसजीवन. खिडकीतून त्याची हाक ऐकू येई, "अरे अण्णा, फिर आप ही!" पुन्हा लावलं की बदलापूरचा कुणीतरी. नवव्या दिवशी अण्णांच्या ध्यानात आलं. गर्दी नव्हती म्हणून ती भेटत होती. तीस वर्षं रांगा लावणाऱ्या माणसानं आपल्या आणि मुलीच्या मध्ये स्वतःच्या हातांनी अडुसष्ट माणसांची रांग लावली होती.

त्याच वेळी सुलभाताई हात पुसत आल्या. "आज त्या फौजदारणीनं मला दोनदा लोळवलं."

अण्णा ताडकन उठले. "कशी होती?"

"कशी म्हणजे? तलवार घेऊन होती."

"तसं नाही हो. बरी होती ना? दमलेली वाटली का?"

सुलभाताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहिलं. त्या सामुराईला चेहरा म्हणून जे काही दिलं होतं त्यावर दमणं दिसण्याची सोय नव्हती. "चांगली तरतरीत होती," सुलभाताई म्हणाल्या. अण्णा रोज त्यांच्याकडे, मग बदलापूरवाल्यांकडे, कुणाला कापलं का तिनं, कधी कापलं, कसं कापलं, याची चौकशी करत फिरू लागले. ज्याला कापलं त्याचा हेवा करायचे.

आणि एवढं सगळं करूनही कंपनीनं कळवलंच. रविवारी संध्याकाळी आठ वाजता गेम कायमचा बंद.

अण्णा पुन्हा दारोदार. या वेळी हात जोडून. "रविवारी सात ते आठ कुणी येऊ नका. आता नाही म्हणा. उभ्याउभ्या म्हणा." माणसं ऐकत होती. अण्णांचा आवाज फाटला होता, दाढी वाढली होती.

रविवारी सातला मी आणि सुलभाताई त्यांच्या दोन्ही बाजूंना बसलो. वरचा आकडा उतरत उतरत दोनवर आला. कुणाशी गाठ पडणार याचा आता प्रश्नच नव्हता. समोरच्या लाल सामुराईच्या डोक्यावर नाव होतं, फौजदार.

अण्णांनी बटण दाबलं. निळा सामुराई गवतात बसला.

लाल जवळ आला. तलवार उगारली नाही. लवून नमस्कार केला आणि दोन पावलं मागे जाऊन उभा राहिला.

"काप ना," अण्णा पुटपुटले.

पुन्हा नमस्कार. पुन्हा दोन पावलं मागे. पाच मिनिटं गेली, दहा गेली. साडेसात.

"काय म्हणतेय ही?"

"उठा म्हणतेय," मी म्हटलं. "लढा म्हणतेय."

"मी नाही उचलणार. मला शिक्षा भोगायची आहे."

सुलभाताईंचा संयम संपला. "शिक्षाही तुम्हीच ठरवणार का? पोरीनं तेव्हा विचारलं, तुम्ही आत जाऊन बसलात. आज ती समोर उभी आहे, तरी बसलेलेच! दोन शब्द भांडला असतात तर पोर घरात राहिली असती, अण्णा."

मला वाटलं, आता हा माणूस उठून आतल्या खोलीत जाणार. अण्णांनी एकदा त्या दाराकडे पाहिलंसुद्धा. मग त्यांनी टॅब घट्ट धरला. निळा सामुराई उभा राहिला, गवताच्या चार बोटं वर.

लढाई कसली, पंधरा सेकंदांत मेले. पण पडद्यावर पुन्हा फौजदार. पुन्हा मेले. तिसऱ्यांदा त्यांची तलवार तिच्या खांद्याला लागली आणि अण्णा एकदम ओरडले, "फोन का उचलला नाहीस?" चौथ्यांदा, "बाप घाबरला होता, तुला दिसलं नाही?" पाचव्यांदा, "चारचौघांत काय तोंड दाखवू, हेच आलं गं मनात, हेच आलं!" तीन वर्षं साठलेलं सगळं त्या टॅबवर कोसळत होतं आणि तिकडे त्यातलं अक्षरही पोचत नव्हतं. सुलभाताई पदरानं डोळे पुसत होत्या. अण्णा मरत होते, उठत होते, बोलत होते.

आठ वाजले. पडदा पांढरा झाला, वर इंग्रजीत आभार. अण्णा त्या आभारांशी आणखी मिनिटभर भांडत होते.

मग म्हणाले, "माझं बोलणं अर्धं राहिलं."

पुढे अण्णांना जेमतेम आठ महिने मिळाले, आणि त्यातले बरेच दिवस कॅम्प एकमधल्या एका जिन्यात गेले. पण मला आठवते ती दुसऱ्या दिवशीची सकाळ. मी कामावर दांडी मारली, रिक्षा केली. अण्णा शुभांगीच्या इमारतीखाली उतरले आणि म्हणाले, "तू थांब. दार उघडलं नाही तर मला घरी न्यायला कुणीतरी हवं."

तीन मजले, लिफ्ट नाही. चपलांचा आवाज वर वर जाऊन थांबला. मग बेल. मग काही नाही. मी मनातल्या मनात आकडे मोजत होतो, आणि ते संपेनात.

कडी वाजली. आणि शुभांगीचा आवाज जिन्यातून खाली कोसळला, "तीन वर्षं! कॅम्प एकला यायला तीन वर्षं लागतात का हो रिक्षाला?"

"तू फोन उचललास?"

"तुम्ही दार उघडलंत? मी विचारलं होतं काहीतरी, त्याचं उत्तर कुठंय?"

"देतो ना! बोलू तर दे!"

बहुधा सासूबाईंचा आवाज आला, "अंदर आके झगडो ना बेटा, सब देख रहे हैं!" आणि शुभांगी कडाडली, "नाही मम्मी, इथंच!" दारं उघडल्याचे आवाज झाले, कठड्यावर माणसं जमली. आणि त्या सगळ्यावरून अण्णांचा फाटका, मोठा आवाज, इमारतभर घुमेल असा. तसा मी त्यांच्याकडून भाषणातही कधी ऐकला नव्हता.

रिक्षावाल्यानं बाहेर वाकून वर पाहिलं, मग काळजीनं माझ्याकडे. "अंकल, ऊपर झगडा शुरू हो गया।"

"हो रे," मी म्हटलं, "झाला एकदाचा."