फरीदाआपांची घाई

फरीदाआपा चहा उभ्यानेच प्यायच्या. समोर खुर्ची असली तरी तिच्या पाठीवर एक हात ठेवायचा, दोन घोटांत कप रिकामा करायचा आणि पुढच्या कामाला लागायचं. आखाती देशातल्या अहमदी शहरात, एका दवाखान्यात त्या वीसेक वर्षं नर्स होत्या. मी पहिल्यांदा इंजेक्शनसाठी गेले तेव्हा बाही वर करायला मला जरा वेळ लागला. नावावरून मी मराठी आहे हे त्यांनी ओळखलं होतं. "आटप गो, सुई निवायला लागली," त्या म्हणाल्या. मला हसू फुटलं, आणि हसत होते तेवढ्यात टोचूनही झालं.

माझा नवरा तेलकंपनीत इंजिनिअर. मी पुण्याहून आलेली, थोडाफार पियानो वाजवणारी आणि दुपार कशी ढकलावी या विवंचनेत असलेली. अहमदीत परदेशी मंडळींचा एक हौशी नाट्यगट होता, तिथे मी साथीला वाजवू लागले होते. गटाच्या दिग्दर्शिका मार्गारेट, शाळेतून निवृत्त झालेल्या इंग्रज बाई. त्या वर्षी त्यांनी सोल संगीतातल्या थोर गायिकांवर कार्यक्रम बसवायचं ठरवलं. गोष्ट वगैरे काही नव्हती. सहा बायकांनी एकामागून एक रंगमंचावर यायचं, अमेरिकेतल्या त्या कृष्णवर्णीय गायिकांपैकी एकीचं आयुष्य चार वाक्यांत सांगायचं आणि तिचं गाणं म्हणायचं. पाच जणी मिळाल्या होत्या, सहावी मिळत नव्हती.

ही गोष्ट मी दवाखान्यात सहज बोलले. फरीदाआपा पट्टी गुंडाळता गुंडाळता थांबल्या आणि त्यातल्याच एका गायिकेच्या गाण्याची पहिली ओळ त्यांनी हलक्या आवाजात म्हटली. आवाज हलका होता, तरी बाहेर बाकावर बसलेली माणसं आत डोकावली.

त्यांचं गाव दाभोळच्या खाडीकाठी. वडील जहाजावर स्वयंपाकी होते. दोन-दोन वर्षांनी घरी यायचे आणि येताना कॅसेटी आणायचे. त्यातली एक या बायकांच्या गाण्यांची होती. मराठी शाळेत शिकणाऱ्या फरीदाला इंग्रजीचं अक्षर कळत नव्हतं. "पण मेधा, शब्द कळायच्या आधी मला त्या बाईचं दुखणं कळलं," त्या म्हणायच्या. वडील परत जहाजावर गेले की आई चुलीपुढे गप्प बसून राहायची. आईचं ते न बोललेलं सगळं ही परकी बाई बोलते आहे, असं त्यांना वाटायचं.

तालमींना त्या ड्यूटीवरून थेट यायच्या, पांढऱ्या कपड्यांत, पायांत नर्सचे बूट. गाताना मात्र त्या माझ्या हाताला आवरायच्या नाहीत. मी एक मात्रा वाजवेपर्यंत त्या पुढच्या मात्रेवर पोहोचलेल्या. मी तक्रार केली की म्हणायच्या, "माझं आयुष्यच शिफ्टवर चाललंय गो. थांबलं की बेल वाजते." कॉन्ट्रॅक्ट संपत आलं होतं, नवीन होईल की नाही माहीत नव्हतं. मुलगी सना बारावीला होती, इथेच जन्मलेली. तिला कॉलेजला कुठे पाठवायचं ते ठरत नव्हतं. गावचं घर बांधून कुलूपबंद पडलेलं. या सगळ्यात हे एक गाणं त्यांना धड करायचं होतं.

प्रयोगाला दहा दिवस उरले तेव्हा मार्गारेटबाईंनी रंगभूषेची तालीम ठेवली. केसांचे टोप आले, चकचकीत झगे आले आणि चेहऱ्याला, हातांना लावायचा गडद तपकिरी रंग आला. सहाही जणींनी तो लावला, फोटो काढले. मी पियानोजवळ बसून पाहत होते. काहीतरी खटकत होतं, पण काय ते मी स्वतःला विचारलं नाही. फरीदाआपांनी हौसेने आपला फोटो सनाला पाठवला.

त्या घरी पोहोचल्या तेव्हा सना दार अडवून उभी होती. आईने मराठीत विचारलं तरी ती उत्तर इंग्रजीत द्यायची. "अम्मी, यू कान्ट गो ऑन स्टेज लाइक दॅट," ती म्हणाली. तिच्या वर्गात एक सुदानी मैत्रीण होती, तिला शाळेत काय काय नावं ठेवतात ते तिने सांगितलं. हा फोटो मी तिला दाखवू शकते का, एवढंच तिने विचारलं. फरीदाआपा चिडल्या. मी त्या बाईचा मान राखायला गाते आहे, म्हणाल्या. पण रात्रभर त्यांचा डोळा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी फोटो अगाथाला दाखवला. अगाथा केनियाची, दवाखान्यात साफसफाईला होती. दोघींची दहा वर्षांची ओळख. अगाथाने फोटो मोठा करून पाहिला. मग काय म्हणाली ते फरीदाआपांनी मला त्याच दुपारी सांगितलं, आणि सांगताना त्या खोलीभर येरझारा घालत होत्या. "ती म्हणाली, मी दुकानात शिरले की माझ्यामागे माणूस फिरतो, मी काही उचलेन म्हणून. तुम्ही घरी जाऊन तोंड धुणार. मी काय धुऊ?"

मग तूच ये, माझ्या जागी तू गा, असंही त्यांनी अगाथाला म्हणून पाहिलं. अगाथाने नकार दिला. मी शुक्रवारच्या सुट्टीत चर्चमध्ये गाते, तेवढं मला पुरतं, म्हणाली. तुमची अडचण सोडवायला मी कशाला येऊ? फरीदाआपांना हे लागलं, पण खरं आहे हेही त्यांनी कबूल केलं.

त्या दिवशीच्या तालमीत त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं की त्या स्वतःच्या चेहऱ्याने गातील, नाहीतर गाणार नाहीत. मार्गारेटबाई दुष्ट नव्हत्या. नाटकात वेष करावाच लागतो, आपण आदरानेच करतो आहोत, आता इतक्या उशिरा बदल कसा करायचा, असं त्यांचं म्हणणं. बाकीच्या पाच जणी झग्यांच्या चुण्या सारख्या करत राहिल्या. फरीदाआपांनी माझ्याकडे पाहिलं. मी पियानोच्या पट्ट्यांकडे पाहिलं. त्यांचं गाणं दुसरीला दिलं गेलं. त्या पर्स उचलून निघून गेल्या.

पुढचे तीन दिवस मी ते गाणं दुसऱ्या बाईसाठी वाजवलं. ती तालात गात होती, कुठे चूक नव्हती. मला मात्र घरात चैन पडेना. भाजी चिरताना, गाडी चालवताना मला सारखी माझी खाली गेलेली मान दिसायची. चौथ्या दिवशी मी पियानोचं झाकण उघडलंच नाही. मार्गारेटबाईंना म्हणाले की तो रंग लावणार असाल तर मी वाजवणार नाही. दुसरा वाजवणारा आठवड्यात मिळणार नव्हता, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. मग ज्या फिलिपिनो बाईला फरीदाआपांचं गाणं दिलं होतं तिनेच सांगून टाकलं की तिलाही तो रंग नकोसा वाटत होता. दोन तासांनी रंगाच्या डब्या परत खोक्यात गेल्या. टोपही गेले. फरीदाआपांना फोन मार्गारेटबाईंनी स्वतः केला.

प्रयोग शनिवारी संध्याकाळी झाला. फरीदाआपांनी साधा काळा झगा घातला होता, डोक्यावर त्यांचा नेहमीचा रुमाल. गायिकेचं आयुष्य सांगून झाल्यावर त्या म्हणाल्या की ही बाई ज्या रंगापायी आयुष्यभर सोसत आली तो माझा नाही, पण तिने माझ्या आईचं दुखणं मला ऐकवलं, म्हणून मी गाते. मग त्या गायल्या. आवाजाने ते छोटं सभागृह भरून गेलं. सना उभी राहून टाळ्या वाजवत होती. अगाथा कडेच्या खुर्चीत बसली होती. तिने टाळ्या वाजवल्या, पण बेताने.

कॉन्ट्रॅक्ट नवीन झालं नाही. तीन महिन्यांत त्यांना निघावं लागलं. विमानतळावर मी गेले होते, अगाथाही सुट्टी काढून आली होती. तालमीत त्या दिवशी मी गप्प बसले याची माफी मला मागायची होती. मी सुरुवात केली तशी त्यांनी मला थांबवलं. "मला कळायला सना लागली गो. तू माझी काय म्हणून माफी मागतेस?" मग त्या अगाथाकडे वळल्या आणि इतके दिवस न विचारलेलं विचारलं: माझं गाणं कसं झालं होतं?

अगाथा खोटं बोलणारी नव्हती. "आवाज चांगला आहे," ती म्हणाली. "पण तू फार घाईत गायलीस. त्या बाईला घाई नव्हती, फरीदा. तिला कुणी कुठे जाऊच देत नव्हतं."

फरीदाआपांचा चेहरा उतरला. त्यांनी अगाथाला घट्ट मिठी मारली, सनाच्या हातातली बॅग ओढून घेतली आणि रांगेत शिरल्या.

पाच-सहा महिने एखाद-दुसरा निरोप यायचा. गावात करमत नाही, तालुक्याच्या दवाखान्यात जाऊ लागलेय, सना मुंबईला शिकतेय, असलं काहीबाही. मग एके सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर त्यांच्या आवाजात गाणं आलं. साथ कसलीच नव्हती, मागे कावळे ओरडत होते. पहिली ओळ झाल्यावर त्या इतका वेळ थांबल्या की मला वाटलं रेकॉर्डिंग तुटलं. गाण्याच्या मधेच कुणीतरी बाहेरून त्यांना हाक मारली. "थांब जरा," त्या म्हणाल्या, आणि सावकाश पुढची ओळ घेतली.

मी तशीच दवाखान्यात गेले. अगाथा व्हरांडा पुसत होती. तिने मॉप भिंतीला टेकवला, हात कोरडे केले आणि फोन कानाशी धरून बाकावर बसली. गाणं संपलं. मी फोन घ्यायला हात पुढे केला. तिने तो दिला नाही. अंगठ्याने गाणं मागे नेलं आणि पहिल्यापासून पुन्हा लावलं.