रद्द झालेला जिल्हा

शहाडच्या दोन खोल्यांत बसून जर्मनीतल्या एका ग्रामीण जिल्ह्याचा कारभार पाहणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच असेल, आणि ते माझे थोरले साडू आहेत. मी मोजून-तपासून बोलणारा माणूस, तरी हे विधान न तपासता करतो. तपासण्याचा मला अलीकडे धसकाच बसला आहे. का, ते पुढे येईलच, आणि ते लिहिताना माझी मान वर राहणार नाही.

अण्णा (घरात त्यांना सगळे हेच म्हणतात) तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. एकुलती एक मुलगी, केतकी, शिकायला जर्मनीत गेली आणि तिथल्याच मुलाशी लग्न करून त्याच्या गावी राहिली. दुसरा बाप असता तर त्याने जावयाचा पगार विचारला असता. अण्णांनी गावाचा जिल्हा विचारला. मग क्षेत्रफळ, जंगलाखाली किती, पिकाखाली किती, नदी कुठून शिरते आणि कुठून बाहेर पडते. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर त्यांनी स्वतः नकाशा काढला आणि देवघराशेजारी लावला. नमस्काराला वाकणाऱ्याचे हात आपोआप दोन्हीकडे जोडले जात. शब्दकोश मांडीवर घेऊन ते जर्मन गॅझेटियर वाचायला शिकले. भाजी आणायला ती भाषा त्यांना उपयोगी पडली नसती, पण हद्दीचा वाद त्यांनी सहज निकालात काढला असता. मे महिन्यात पंखा बंद पडलेला असताना घाम पुसत म्हणायचे, "आज आपल्याकडे पहाटे चार अंश." आपल्याकडे म्हणजे तिकडे. ताई, म्हणजे त्यांची बायको, आतून म्हणायची, "मग पंखेवाल्याला नको बोलवू ना?"

ते लग्नाच्या पंगतीत शेजाऱ्याच्या कानाशी वाकून, एखादी भानगड सांगावी तसे सांगत, "तिथला कलेक्टर लोक मतदानाने निवडतात." चारशे वर्षं अर्धा जिल्हा एका मठाच्या ताब्यात होता, "मठाधिपती म्हणजे आपला इनामदारच हो," हे त्यांचं मत. तिथेही शेतांचे तुकडे जोडून एकत्रीकरण झालं आणि तिथेही लोक त्यावरून अजून भांडतात, हे कळलं त्या दिवशी तर त्यांनी पेढे आणले. इतक्या लांब, इतकी सुधारलेली माणसं, आणि तंटे आपल्याच कचेरीतले. दिवा गावात माझ्या चुलत बहिणीकडे पूजा होती. नळाला पाणी नव्हतं आणि बायका जिन्यात बादल्या घेऊन उभ्या होत्या. अण्णा त्यांना तिथल्या खेड्यांनी मिळून बांधलेल्या सामाईक टाकीची नियमावली समजावू लागले. एक बाई म्हणाली, "काका, त्यांना सांगा ना, एक टँकर इकडं पण पाठवा." अण्णांनी गंभीरपणे सांगितलं, "त्यांच्या नियमात हद्दीबाहेर पाणी देता येत नाही."

आम्ही सगळे हसायचो. मी तर जास्तच, कारण आमच्या घराण्यात आकडे तपासण्याचं खातं माझ्याकडे आहे. पत्रिकेतला मुहूर्त असो की सहलीचं अंतर, मी पाहिल्याशिवाय पुढे जात नाही. आणि इतकी माहिती पाठ असलेला माणूस कधी ना कधी चुकणारच, असं मला आतून वाटायचं. वाटायचं कसलं, मी वाट पाहत होतो.

गेल्या हिवाळ्यात केतकीचे सासरे पहिल्यांदा भारतात आले. शेतकरी माणूस, सत्तरी ओलांडलेला, मोजकंच इंग्रजी. जेवण आमच्या डोंबिवलीच्या घरी ठेवलं, कारण आमच्याकडे लिफ्ट आहे आणि दुभाष्याचं काम मी करणार होतो. अण्णा इस्त्रीचा सदरा घालून आले. खिशात चार घड्यांचा कागद. महिनाभर ते आरशासमोर उभे राहून काहीतरी म्हणत असत, असं ताईने माझ्या बायकोला सांगितलं होतं. व्याह्यांशी आपण स्वतः बोलायचं, मुलीच्या सासरी आपलं काहीतरी पोचवायचं, एवढी एकच त्यांची हौस होती.

केतकी आणि तिचा नवरा आत पुऱ्या तळत होते. श्रीखंड वाढून झाल्यावर अण्णा कागद उलगडून उठून उभे राहिले आणि जर्मनमध्ये सावकाश बोलू लागले. एका जिल्ह्याचं नाव घेतलं आणि मग त्याच्या गावांची नावं, एकामागून एक, पश्चिमेकडून पूर्वेकडे. व्याह्यांनी चमचा खाली ठेवला. ते अण्णांच्या तोंडाकडे बघत राहिले. मी सवयीने मोजत होतो. अकरा गावं झाली होती. ते जिल्ह्याचं नाव मात्र मला खटकलं, कारण सकाळीच मी मोबाइलवर सगळं बघून ठेवलं होतं.

"अण्णा, एक मिनिट," मी म्हणालो. "हा जिल्हा आता नाहीये. पन्नासएक वर्षांपूर्वीच रद्द झालाय. तीन मिळून एक केलाय. तुमची यादी जुनी आहे." एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण दुभाष्याचं काम माझ्याकडे होतं, म्हणून पाहुण्यांनाही इंग्रजीत सांगितलं, की आमचे अण्णा जुन्या पुस्तकातून बोलताहेत, गैरसमज नसावा.

"येस," पाहुणे म्हणाले. "करेक्ट." आणि त्यांनी चमचा उचलला.

अण्णा म्हणाले, "हो, रद्द झाला खरा." कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि बसले. नंतर त्यांनी पाहुण्यांना फक्त पुरी हवी का, एवढं विचारलं. तेही हाताने.

पाहुणे परत गेल्यावर आठवड्याने केतकीचा फोन आला. ती रागावली नव्हती, म्हणून ऐकणं जास्त अवघड गेलं.

"काका, बाबांना विलीनीकरण माहीत नसेल असं वाटलं तुम्हाला?"

"अगं, मी फक्त..."

"तो जिल्हा मोडायला निघाले तेव्हा माझे सासरे ट्रॅक्टर घेऊन मोर्चाला गेलेले. पोरगेले होते तेव्हा. मध्यंतरी गाड्यांच्या नंबरप्लेटवर जुन्या जिल्ह्याची अक्षरं लावायला परवानगी मिळाली, तर पहाटे जाऊन रांगेत उभे राहिले. मीच सांगितलेलं बाबांना. ते मुद्दाम जुनी यादी म्हणत होते."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"विमानतळावर सासरे विचारत होते मला, तुझे वडील पुढची गावं पण सांगणार होते का."

माझा आकडा बरोबर होता. पन्नाशी ओलांडल्यावर मला कळलं, की बरोबर आकड्याचीही इतकी लाज वाटू शकते. महिनाभर मी शहाडला फिरकलो नाही. बायको म्हणाली, "जा आता, किती दिवस तोंड चुकवणार?" तेव्हा गेलो.

"अण्णा, माझं चुकलं."

"अहो, तुमचं कसलं चुकलं? रद्दच झालाय तो."

"केतकीच्या सासऱ्यांना पुढची गावं हवी आहेत. त्यांनी विचारलंय तिला. मी लिहून घेतो."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "त्यांनी विचारलं? स्वतः?"

"स्वतः. तुम्ही अकराव्यावर थांबला होतात."

"मधूनच नाही सुरू करता येत. यादी पहिल्यापासून लिहायची असते," ते म्हणाले, आणि डोळे मिटून सांगू लागले. मी देवनागरीत उतरवत गेलो. एकही नाव मोबाइलवर पाहिलं नाही. सगळी झाल्यावर त्यांनी ती वाचून दाखवायला सांगितली. मी वाचत होतो तेव्हा त्यांचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत होता. शेवटी तो जरासा अडला.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "छान उतरवलंत."

ताईने चहा दिला. घरी येऊन कागद केतकीला पाठवण्याआधी मी मोजणी केली. त्या जिल्ह्यात अडतीस गावं होती, हे अण्णा मला पूर्वी शंभरदा सांगून चुकले आहेत. कागदावर सदतीस भरली. पुन्हा मोजली, सदतीसच. लिहिताना एक माझ्याकडून सुटलं होतं, आणि मी वाचत असतानाच ते त्यांना कळलं होतं.

कागद अजून पाठवलेला नाही. राहिलेलं गाव विचारायला रविवारी शहाडला जाईन म्हणतो.