खांदा ते कंबर

टेपमावशीला कुणी कजाग म्हणा, भांडकुदळ म्हणा, ती म्हणेल, "आहेच मुळी." पण तिचं माप चुकलं असं म्हणायची सोय नाही. गल्लीच्या तोंडाशी दहा बाय आठच्या खोलीत एकतीस वर्षं ती शिवतेय. आत उजेड नाही म्हणून मशीन दाराशी. टेप सदा गळ्यात, त्यावरून नाव पडलं. शाळा चौथीपर्यंत, पण आकडा काढते तो असा की हेडमास्तरांनी दाद द्यावी. प्रत्येक गिऱ्हाइकाला वहीत एक पान. नवं माप घेतलं की जुन्याखाली तारीख टाकून लिहायचं. जुनं खोडायचं नाही, हा तिचा कायदा.

त्या दिवशी तिची थोरली जाऊ आली आणि नवा पायघोळ झगा तिनं मशीनवर आपटला.

"लांब शिवलायस."

"काय म्हणालात?"

"लांब! बहिरी झालीस का आता? ओल्या चादरींचं गाठोडं डोक्यावर घेऊन जिना चढत होते, झगा पायात आला. गुडघा फुटलाय बघ. गाठोडं सोडलं म्हणून वाचले, नाहीतर थेट खाली."

थोरली मोठ्या हॉस्पिटलच्या धुलाईखात्यात बावीस वर्षं कामाला. वय अडुसष्ट, कागदावर छप्पन्न, नाहीतर केव्हाच घरी बसवलं असतं. तळमजल्यावर धुवायचं आणि गच्चीवर वाळत घालायचं, मधे चार जिने. लग्न होऊन आली तेव्हा सासऱ्यांपेक्षा उंच सून म्हणून लोक बघायला यायचे. घरात दारातून वाकून येणारी ती एकटीच. त्या उंचीचा तिला भारी तोरा.

टेपमावशीच्या डोक्यात तिडीक गेली. वही उघडली, झगा पसरून मोजला. वहीत होता तेवढाच, दोरा इकडेतिकडे नाही.

"बघा! वहीप्रमाणेच आहे."

"मग वही चुकली असेल."

"उभ्या राहा इथं."

खरं तर चूक होतीच, आणि ती मावशीला आतून टोचत होती. जावेचं माप काय घ्यायचं, तोंडपाठ आहे, म्हणून सहा वर्षांपूर्वीच्या मापावरच तिनं कात्री चालवली होती. आता तिनं नव्यानं टेप लावली. बाही तीच. कंबर ते घोटा तेच. खांदा ते कंबर मात्र सोळा होतं ते साडेतेरा. पुन्हा लावली. साडेतेरा. तिसऱ्यांदा लावली तशी जाऊ वैतागली. "माझी तिरडी बांधतेस का काय?"

टेप कापडाची असते. जुनी झाली की ताणली जाते आणि माप कमी दाखवायला लागते, हे शिवणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक असतं. मावशीनं टेप उजेडात धरून पाहिली. पण टेप ताणली गेली असती तर बाहीत कमी भरली असती, पायातही कमी भरली असती. टेप काय, पायाशी खरं बोलते आणि पाठीशी खोटं? बाईचे पाय होते तेवढेच होते, पाठ तेवढी अडीच इंच कमी झाली होती.

"जाऊबाई, पाठ दुखते का?"

"बावीस वर्षं गाठोडी वाहतेय. दुखणार नाही तर काय गाणं म्हणेल?"

"तुम्ही आखूड झालात."

थोरलीनं कंबरेवर हात ठेवले. "आखूड? मी? कापड आहे का धुण्यात आटायला?" झगा उचलला नि तरातरा निघाली. संध्याकाळी नळावर तिनं जाहीर केलं की धाकटीची टेप सैल झालीय आणि डोळेही. दुसऱ्या दिवशी दोन गिऱ्हाइकं येऊन आपापलं कापड परत घेऊन गेली.

मावशीला कापडाचं दुःख नव्हतं. तिला एक वेगळंच खात होतं. वर्षभरात आणखी तिघी म्हाताऱ्या "लांब झालं गं" म्हणत आल्या होत्या. आपण तोंड वाजवत दुमडून दिलं होतं आणि विसरून गेलो होतो. त्यातली भांडी घासणारी आजी गेल्या हिवाळ्यात साध्या स्टुलावरून पडली. खुबा मोडला. तेव्हापासून ती खाटेवरच आहे, कूस बदलायलाही दोघं लागतात. मावशी त्या तिघींच्या घरी गेली. आजीच्या खाटेवर वाकून, बाकीच्या दोघींना उभं करून तिनं माप घेतलं. तिन्ही ठिकाणी तेच: पाय तसेच, पाठ कमी.

आता पुढची पाळी चार जिने चढणाऱ्या थोरलीची.

वही बगलेत मारून ती वस्तीच्या दवाखान्यात गेली. गरिबाघरच्या म्हाताऱ्यांसाठी तिथं एक औषध कायम फुकट मिळतं. त्याचं नाव ‘वय झालं’. डॉक्टर तरुण होता, वाईट नव्हता, पण बाहेर सत्तर माणसं बसलेली. तो म्हणाला, "मावशी, वय झालं की माणूस वाकतो."

"वाकणं वेगळं, आखूड होणं वेगळं. वाकलेली बाई मी ताठ करून मोजते. एकतीस वर्षं तेच करतेय."

"शिवणाच्या वहीवर मी उपचार करू?"

"मग तुमच्या वहीवर करा. काढा, माझ्या जावेची उंची किती लिहिलीय तुमच्याकडे?"

कोपऱ्यात इंजेक्शन भरणारी सिस्टर मान वर न करताच म्हणाली, "सर, आपल्याकडे एकाही म्हातारीची उंची लिहिलेली नाही. भिंतीवरच्या पट्टीपुढं कपाट ठेवलंय."

डॉक्टरनं हात पुढं केला. वही घेतली, पानं उलटली. एका पानावर थांबला, मागं गेला, पुन्हा पुढं आला. बाहेर कुणीतरी ओरडलं, "आत काय बारसं चाललंय का?" तो उठला नाही. मग त्यानं समजावून सांगितलं: हाडं पोकळ होत जातात, ओझ्याखाली पाठीचे मणके न कळत चेपतात, माणूस त्याला पाठदुखी म्हणतो आणि पुढच्या पडण्यात खुबा जातो. आधी कळलं तर औषध आहे. "त्यांना घेऊन या. एक्स-रे लागेल."

सांगणं सोपं होतं. थोरली दारातच अडली. "मी धडधाकट आहे. एक दिवस कामावर नाही गेले तर माझ्या जागी दुसरी उभी करतील. तुझी चूक झाकायला मी फोटो काढू?"

"आणि माझीच चूक निघाली तर?"

"तर दारोदार हिंडून सांगायचं, मला माप घेता येत नाही म्हणून."

"सांगेन. मशीनही विकून टाकेन. पण चला."

बोलायला माणूस बोलून जातो. एक्स-रे यायला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत तिनं एक बाही उलटी जोडली आणि दोनदा बोटात सुई घातली.

नवव्या दिवशी दोघी दवाखान्यात समोरासमोर बसल्या. डॉक्टरनं फोटो उजेडाला धरला. सगळे मणके चौकोनी, एकावर एक रचलेले. मधले दोन मात्र पाय पडलेल्या खोक्यासारखे चेपलेले.

"हे माझे?" थोरलीनं विचारलं.

"तुमचे. आजी, असंच ओझं वाहत राहिलात तर पुढचा हा बसेल. आठवड्याला एक गोळी, सकाळी उपाशीपोटी, पेलाभर पाण्याबरोबर. मग अर्धा तास आडवं व्हायचं नाही. डोक्यावर ओझं आजपासून बंद."

थोरलीनं फोटो हातात घेऊन पाकिटात घातला. जिंकल्याचं मावशीच्या तोंडावर कुठं दिसलं नाही. परतताना अर्ध्या वाटेत थोरलीनं एकदाच विचारलं, "त्या भांडीवालीचंही असंच झालं होतं?"

"हो. मला तेव्हा कळायला हवं होतं."

"तू काय डॉक्टर आहेस?" थोरली खेकसली. पण हात तिनं धाकटीच्या खांद्यावर ठेवला, तो घरापर्यंत काढला नाही.

संध्याकाळी नळावर गर्दी होती. थोरली रिकामी बादली उपडी घालून तिच्यावर चढायला निघाली. मावशीनं दंड धरून मागं ओढली, तशी ती खालूनच ओरडली.

"ऐका गं सगळ्याजणी! माप हिचं बरोबर होतं. मीच आखूड झालेय. हसतेस काय गं, कापड परत नेलंस ना? तुझी सासूही या वहीत आहे. साठीच्या पुढच्या सगळ्यांनी सोमवारी दवाखान्यात यायचं. जी येणार नाही तिच्या दारात मी येईन."

कामावरही ती गप्प बसली नाही. एक्स-रे मुकादमाच्या टेबलावर ठेवला नि म्हणाली, "बावीस वर्षांत हे झालं. आता मला घडी घालायच्या टेबलावर बसवा, आणि या बाकीच्यांसाठी गच्चीपर्यंत लिफ्ट उघडा. साहेबांची खुर्ची तेवढी वर जाते, चादरी का नाही?" महिनाभर भांडल्यावर टेबल मिळालं आणि लिफ्टची चावीही.

पहिल्या सोमवारी अकराजणी आल्या, पुढच्या सोमवारी चोवीस. कपाट सरकवलं गेलं, पट्टी पुसली गेली, आणि सिस्टरनं वहीतली जुनी मापं प्रत्येकीच्या केसपेपरवर उतरवून घेतली. तिसऱ्या सोमवारी मोठ्या हॉस्पिटलातून हाडांचे डॉक्टर बघायला आले. त्यांनी वही हातात घेतली, चष्मा वर केला.

"इतक्या वर्षांच्या नोंदी? कोणत्या डॉक्टरांनी ठेवल्यात या?"

मावशी काही बोलायच्या आत थोरली रांग सोडून पुढं आली. जमेल तेवढी ताठ झाली, आणि मागच्या बाकावरल्या बहिऱ्या म्हाताऱ्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"डॉक्टर कसले! माझी धाकटी जाऊ आहे ती."