फाट्याचा कोन

पवनानगरच्या पुढे, आमच्या शाळेमागे एक तिकोनी माळ आहे. एका टोकाला शाळा, दुसऱ्याला चढावरची वाडी आणि तिसऱ्याला धरणाच्या रस्त्याचा फाटा. वाडीची मुलं फाट्याचा वळसा टाळून माळाच्या कडेनं पायवाटेनं सरळ शाळेत यायची. दिवाळीनंतर तो माळ शहरातल्या कुणी बंगल्यासाठी घेतला आणि तिन्ही बाजूंना तारेचं कुंपण पडलं. पायवाट आत गेली.

कोणत्याही दोन बाजूंची बेरीज तिसरीपेक्षा जास्त असते, हे मी वर्षानुवर्षं पोरांकडून घोकून घेतेय. यंदा फळ्यावर तो माळच काढला आणि विचारलं, कुंपणाला तार किती लागली असेल, म्हणजे परिमिती कशी काढाल? वाडीतली एक मुलगी उभी राहिली. गणितात तिचं डोकं असं चालतं की मला कधीकधी हेवा वाटतो. पण तिनं तारेचं काही सांगितलंच नाही.

"बाई, फाट्याचा कोन लय बारीक हाय, म्हणून फेरा येवढा मोटा पडतो. कोन रुंद असता तर कमी चालाय लागलं असतं."

पुस्तकात न दिलेली गोष्ट तिनं चालून शोधली होती. मी इतकी खूश झाले की साऱ्या वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या.

पण रस्त्याचा कोन बारीक म्हणजे वळण आंधळं. त्याच शनिवारी सकाळच्या शाळेला येताना पर्यटकांची एक गाडी तिथं तिला घासून गेली. कोपर सोललं, दप्तराचा बंद तुटला. गाडी थांबली नाही. सोमवारपासून मुलगी शाळेत दिसेना.

आठवडाभर मी गाडीवाल्यांवर, बंगलेवाल्यांवर आणि ते कुंपण घालणाऱ्यावर चरफडत होते. शेवटी वाडीवर गेले. तिचे वडील अंगणात बसले होते. माणूस जाईल एवढी फट ठेवायला मालकाला सांगा, म्हणून मी तावातावानं बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांचं आधीच मालकाला विचारून झालं होतं. फट ठेवली तर गुरं शिरतील, असं उत्तर आलं होतं. मग ते खाली बघत म्हणाले,

"कुंपण मीच घातलंय, बाई. खांबांचे खड्डे म्या खणले. ही पोर भाकरी घेऊन यायची मला, त्याच वाटनं."

माझा राग कुठं ठेवावा मला कळेना. मुलगी दाराशी भांडी घासत होती. सोमवारी येशील ना, असं मी तिला विचारलं. आई फाट्यापर्यंत सोडायला आली तर येईन, म्हणाली. पण मग आईची कामावर जायची जीप चुकते. मी म्हटलं, मी उभी राहते वळणावर.

"रोज?" तिनं मान वर न करता विचारलं.

 वाडी उतरताना मी फाट्याशी थांबले. पलीकडून इंजिनाचा आवाज येत होता, पण गाडी कुठं आहे ते मलाही दिसेना.